असईचं घंगाळ

आमच्या टेंभुर्णीत इतिहास मंडळ निघालं ते माझ्यामुळे, आणि पहिल्याच वर्षी ते बुडायची पाळी आली तीही माझ्यामुळेच. दोन्ही गोष्टी मी कबूल करतो. न करून जातो कुठे, सगळं गाव तिथे हजर होतं.

माझं नाव बद्रीनाथ. बारा एकर कोरडवाहू, बैलांची एक जोडी, आणि गावात मोडी वाचता येणारा मी एकटा, एवढी माझी मिळकत. मोडी वाचणाऱ्याला लोक मान देतात आणि टाळतातही, कारण त्याने घरातले जुने कागद वाचले की आजवर जे पक्कं ठाऊक होतं ते बदलण्याचा धोका असतो. मी कुणाची भीड ठेवत नसे. खरं ते खरं, असं म्हणत छाती काढून चालायचो. ही एकोणीसशे सदतीस सालची गोष्ट, तेव्हा मीही सदतिशीचाच होतो.

मंडळात आम्ही पाच जण. अध्यक्ष मूलचंदशेट, कापसाचे व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून एक उंट आणि दोन मुलं घेऊन इकडे आले. तो उंट गावच्या इतिहासात लिहिला जावा एवढीच शेटजींची इच्छा होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी आपलं गोदाम, सतरंज्या, कंदील, चहा, सगळं मंडळाला मोकळं करून दिलं होतं. चिटणीस मी. दर शुक्रवारी, निजाम सरकारच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही एकेका घरी जायचो. जुने कागद बघायचे, जुन्या वस्तू बघायच्या, म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि मी ते वहीत उतरवायचं, असं आमचं काम.

त्यात कारभाऱ्यांचं प्रकरण झालं. हे आमच्याच गल्लीतले. दर दसऱ्याला ते एका कागदाची पूजा करायचे. पेशव्यांनी खापरपणज्याला दिलेली सनद, असं त्यांच्या घरात चार पिढ्या चालत आलेलं. हळद-कुंकू वाहून वाहून कागद पिवळा झाला होता. आम्ही गेलो तेव्हा त्यांचे व्याहीही आलेले होते. मी कागद उजेडात धरला आणि मोठ्यांदा वाचला. गावच्या पाटलानं कळवलं होतं की तुमचा वळू लोकांच्या ज्वारीत शिरतो, त्याला बांधून ठेवा, नाहीतर कोंडवाड्यात घालू. व्याह्यांनी उपरणं तोंडाशी नेलं. कारभाऱ्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मी मात्र घरी येऊन पोटभर जेवलो.

मंडळाला वर्ष होत आलं तेव्हा शेटजींनी प्रदर्शनाची कल्पना काढली. चैत्रात गोदाम रिकामंच असतं. प्रत्येक घराने आपल्याकडची सगळ्यात जुनी वस्तू आणायची, आणि तिचा इतिहास चार ओळींत लोकांसमोर वाचायचा. गाव नुसतं उठलं. असई आमच्यापासून बैलगाडीने एका दिवसाची वाट. तिथे अठराशे तीन साली शिंद्यांची आणि इंग्रजांची मोठी लढाई झालेली. त्यामुळे लोखंडी तोफगोळेच नऊ आले. त्यातल्या एकाने सोनूबाई मिरच्या कुटायची, आणि प्रदर्शनाचे दोन दिवस कालवण फिकं खावं लागेल अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. तलवारी सतरा आल्या, पैकी बऱ्याच जणींनी उभ्या जन्मात गवतच कापलं असावं.

पण सगळ्यांवर ताण करणारी वस्तू माझ्याच घरात होती. आमचं घंगाळ.

न्हाणीत पाणी काढून ठेवायचं असतं तसंच तांब्याचं, दोन कड्यांचं, पण काळंकुट्ट. त्याचा इतिहास मी लहानपणापासून ऐकत आलेला. असईच्या लढाईत माझे पणजोबा होते. वरून गोळ्या सुटत होत्या, तेव्हा त्यांनी एका सरदाराच्या डेऱ्यातलं हे घंगाळ डोक्यावर पालथं घातलं आणि तसेच घरापर्यंत चालत आले. काठाखाली एक मोठा पोचा होता, तो बंदुकीच्या गोळीचा. काळं पडलं होतं ते तोफांच्या धुरानं. म्हणून ते घासायचं नाही, असा आमच्या घरचा कडक नेम. माझी आई साळूबाई ते आतल्या खोलीत गोणपाटात गुंडाळून ठेवायची, दसऱ्याला काढायची आणि लगेच आत न्यायची. मी इतिहासाच्या नादी लागलो तो या घंगाळामुळे. सात वर्षांचा असल्यापासून मी ही गोष्ट सांगत आलो होतो आणि सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

आता तुळजावहिनींचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुळजाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या रखमाजींची बायको. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. माहेर हसनाबादचं. लग्नात त्यांच्या आईने त्यांना एक घंगाळ आंदण दिलं होतं. वर्षभराने नणंदेचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्न म्हणजे सगळ्या गल्लीची भांडी एका अंगणात. लग्न उरकलं की ती घासून ढीग लावायचा आणि ज्या त्या बाईने आपापलं ओळखून न्यायचं. त्या ढिगातून तुळजाबाईंचं घंगाळ गेलं ते गेलंच. सासू दुर्गाबाई जिभेची तिखट. सुनेनं गुपचूप भावाबरोबर माहेरी धाडलं, असं तिने विहिरीवर जाहीर करून टाकलं. पुढच्या पंचमीला भाऊ न्यायला आला, तर तिने भर गल्लीत सुनेचं गाठोडं सोडून एकेक लुगडं झटकून पाहिलं. चौदा वर्षांची पोर होती ती. तिने गाठोडं बांधलं, भावाला पाणी पाजलं आणि सांगितलं की घंगाळ सापडेपर्यंत मी माहेरची पायरी चढणार नाही.

तीस वर्षं झाली. दुर्गाबाई वारली, तरी शपथ सुटली नाही. वर्षातून एकदा अंगारकीला राजूरच्या गणपतीला मायलेकी भेटायच्या. ही इकडून गाडीने, आई तिकडून. देवळाच्या मागे बसून दोघी भाकरी खायच्या आणि आपापल्या वाटेने परत. दोन वर्षांपासून म्हातारीला राजूरही झेपेना. दर महिन्याला निरोप यायचा, एकदा येऊन जा. वहिनी निरोप्याला चहा पाजायच्या आणि तसाच माघारी धाडायच्या.

हे सगळं गावाला ठाऊक, मलाही ठाऊक. गल्लीत एक घंगाळ हरवलेलं आणि माझ्या घरी एक घंगाळ गुंडाळलेलं, हे दोन्ही मी तीस वर्षं डोक्यात बाळगून होतो. एकाशेजारी दुसरं ठेवून पाहावं असं काही मला सुचलं नाही. माझं घंगाळ असईचं होतं.

प्रदर्शनाला परवानगी लागणार होती. त्या दिवसांत निजामाच्या राज्यात दहा माणसं एका ठिकाणी जमायची तरी सरकारला विचारावं लागे. मी तालुक्याच्या कचेरीत चार हेलपाटे घातले. त्यांनी प्रत्येक वस्तूची यादी मागितली, तिच्याविषयी काय वाचणार तो मजकूर मागितला, त्याचा उर्दू तर्जुमा मागितला. शेवटी शिक्का मारून अट घातली की मंजूर मजकुराबाहेर कुणी एक शब्दही बोलायचा नाही. बोललं तर प्रदर्शन बंद आणि मंडळही बंद. देखरेखीला पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, येणार.

घंगाळ द्यायला आई आधी कबूलच होईना. तिकडे पोरं हात लावतील म्हणाली, नजर लागेल म्हणाली. मी ऐकलं नाही. शेवटी तिने एवढंच बजावलं, “ने, पर घासू नको.” मी शब्द दिला, गोदामात ते स्वतः नेऊन ठेवलं आणि परवानगीचा कागद आणायला निघून गेलो.

आदल्या दिवशी दुपारी परत येतो तर गोदामाच्या अंगणात सोनं पसरल्यासारखं दिसत होतं. अमीनसाहेब येणार म्हणून शेटजींनी कचरू तांबटाला बोलावून यच्चयावत भांडी चिंच लावून घासून घेतली होती. आमचं घंगाळ सगळ्यांत पुढे, लालबुंद. असईचा धूर नालीतून वाहून गेला होता.

कचरू खुशीत होता. लय काजळी होती, वरून तेलाचा थर, म्हणाला. मग घंगाळ माझ्याकडे वळवून म्हणाला, “नाव निघालंय बघा याच्यावर. मला काय वाचता येत न्हाई. तुमच्या पणज्याचं आसंल.”

काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली ओळ होती. मी वाकून वाचली. ‘चि. तुळजा हीस आईकडून. हसनाबाद. शके १८२८.’

मी कचरूला म्हणालो, “हां, पणजोबांचंच.” आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा मजकूर खोटा वाचला.

दिवेलागणीला घरी गेलो. आई चुलीपुढे होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परातीतला हात थांबवला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “घासलं व्हय?”

मग तिने सांगितलं. लग्नाच्या संध्याकाळी ती ढिगातून आपलं समजून ते उचलून घेऊन आली. आमचं स्वतःचं घंगाळ बहुतेक वऱ्हाडाच्या गाडीत चढून नवरीच्या सासरी गेलं असावं. “तिसऱ्या दिवशी घासाया बसले तर हाताला टिंबं लागली. आपल्यावर नाव न्हवतं. तेवढ्यात तिकडं दुर्गाबाईनं इहिरीवर तोंड सोडलं.” एका संध्याकाळी ती घंगाळ पोत्याखाली झाकून परत द्यायला निघालीही होती. दुर्गाबाई दारातच उभी राहून चोरांची कुळं काढत होती. आई तशीच माघारी फिरली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पंचमी आली, गाठोडं सुटलं, आणि मग जायचं तोंडच राहिलं नाही. तिने घंगाळाला तेल आणि काजळी फासली. मी तेव्हा सात वर्षांचा, हे काळं का, याला पोचा कशाचा, घासायचं का नाही, असं खोदून खोदून विचारायचो.

“मंग तोंडाला आलं ते सांगितलं,” आई म्हणाली.

मी विचारलं, म्हणजे पणजोबा असईला गेलेच नव्हते?

“त्यो? त्यो शेजारी ताक आणाया जायचा न्हाई.”

खरं सांगायचं तर मला आधी राग आला तो माझ्या इतिहासाचा सत्यानाश झाला म्हणून. तुळजावहिनी नंतर आठवल्या. याची मला अजून लाज वाटते. आईला म्हणालो, उद्या मी काय करू? तिने परात बाजूला सारली. “तुला काय करायचं ते कर. मी थकले आता त्याला झाकून,” म्हणाली आणि भाकरी न खाताच जाऊन पडली.

सकाळपर्यंत मी माझी पळवाट काढून ठेवली होती. मंजूर मजकुराबाहेर एक शब्द बोलायचा नाही. सरकारी अट होती, मी काय करणार? खरं सांगितलं तर मंडळ बंद पडेल, शेटजींचा उंट लिहायचा राहून जाईल, वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. प्रदर्शन झालं की रात्री गुपचूप घंगाळ वहिनींच्या अंगणात ठेवून येता येईल. असं सगळं बराबर जुळवून मी गोदामात गेलो आणि घंगाळ फिरवून नावाची बाजू भिंतीकडे केली.

माणसं लोटली होती, आई तेवढी आली नव्हती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे फळ्यांवर वस्तू. अमीनसाहेब खुर्चीत, मांडीवर मंजूर यादी. कारभारी पहिल्या रांगेत येऊन बसले होते. मी कुठे चुकतो ते पाहायलाच ते आले होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तुळजावहिनी माझ्याकडे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत हळू आवाजात म्हणाल्या, “भावजी, तुम्ही कारभाऱ्याच्या घरचं खरं-खोटं काढलं म्हनं. कुणाची भीड ठेवत न्हाईत.”

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

“मंग माझ्या घंगाळाचं बघता का? मंडळाकडून? मोठी गोष्ट न्हाई, लढाईबिढाई न्हाई. पर वहीत लिहून ठेवा, कुणाला म्हाईत असंल तर सांगंल. आई लय थकली माझी.” एवढं बोलून, जास्त मागितल्यासारखं वाटून त्या ओशाळल्या आणि बायकांत जाऊन बसल्या. त्यांच्या पाठीशी हाताच्या अंतरावर ते घंगाळ भिंतीकडे तोंड करून होतं.

वाचन सुरू झालं. शेटजींनी उंटाच्या घंटेचा इतिहास वाचला. सोनूबाईच्या गोळ्याचा झाला, तलवारींचा झाला. दर वेळी अमीनसाहेब यादीवर बोट ठेवून शब्दाला शब्द ताडून पाहत होते. मग शेटजींनी माझं नाव घेतलं.

मी उभा राहिलो. कागद हातात होता. ‘सन १८०३, असईचे रणांगण’ अशी सुरुवात होती आणि अक्षर माझं चांगलं वळणदार होतं. वाचायला म्हणून मान वर केली तर घंगाळाला पाठ करून बसलेल्या वहिनी दिसल्या. मी अमीनसाहेबांकडे वळलो आणि म्हणालो, हुजूर, मंजूर मजकुरात एक चूक राहिली आहे, ती मला दुरुस्त करायची आहे, पण अट आडवी येते.

शेटजींच्या तोंडचं पाणी पळालं. अमीनसाहेबांनी यादी पाहिली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांनाही गोदामात उकडत होतं. “दुरुस्ती है?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते म्हणाले, “दुरुस्ती के वास्ते इजाजत नहीं लगती. बोलिए.”

मी कागद खिशात घातला, फळीपाशी गेलो आणि घंगाळ फिरवलं.

“हे असईचं न्हाई,” मी म्हणालो. लिहिण्यातली मराठी त्या वेळी कुठल्या कुठे गेली. “माझा पणजा लढाईला गेल्ताच न्हाई. हे घंगाळ तीस वर्सांखाली रखमाजींच्या अंगणातून आमच्या घरी आलं. माझ्या आईनं चुकून आणलं, भीतीनं झाकलं, न् मी मिरवलं. याच्यावर लिहिलंय ते वाचतो.” आणि मी वाचलं.

तुळजावहिनी उठल्या. वाट करून घंगाळापाशी आल्या. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या, मग बोट पोच्यावर गेलं. “हा दादानं पाडला,” त्या म्हणाल्या. “लग्नात गाडीतून उतरवताना हातचं सुटलं त्याच्या. आई लय बोलली होती त्याला.” थोड्या वेळाने मला म्हणाल्या, “मधलं पुन्हा वाचा.”

“आईकडून,” मी वाचलं.

“पुन्हा.”

मी तीनदा वाचलं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला शिव्या देतील, आणि दोन्ही मी निमूट ऐकून घेतलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की वहीत लिहा, तुळजाबाईनं नेलं नव्हतं. मी तिथेच वही काढली आणि लिहिलं. मंडळाच्या वहीत तोवर झालेल्या सगळ्या नोंदींत तेवढी एक बिलकुल खरी होती असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने रखमाजी उठले. हा माणूस आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, आणि ती वारल्यावर बोलायची सवयच राहिली नव्हती. ते म्हणाले, “मी बैल जुंपतो.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. “तीस वर्सं लागली तुम्हाला उठाया,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. पदर खोचून त्या नवऱ्याच्या मागोमाग निघाल्याही. लुगडं बदलायला, चूल विझवायला, कशालाही थांबल्या नाहीत. घंगाळ दोन दिवस प्रदर्शनात राहू द्या, लोकांना नीट वाचू द्या, असं जाता जाता मला बजावून गेल्या.

मग खरी गंमत झाली. एका भांड्यावर नाव निघू शकतं म्हटल्यावर बायकांनी फळ्यांकडे मोर्चा वळवला. कचरूने घासलेल्या त्रेचाळीस भांड्यांपैकी अकरा भांड्यांवर भलत्याच घरची नावं निघाली. कुणाच्या मुंजीत गेलेला तांब्या, कुणाच्या बारशातली परात, कुणाच्या तेराव्याला नेलेला हंडा. ज्या बाया मघाशी माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या त्याच आता आपल्या सासूच्या नावाने खुलासे देत होत्या. मला एकेक भांडं पुढे करून वाचायला लावत होत्या. मूलचंदशेटांच्या घरची, त्यांच्या बायकोनं, जमनाबाईंनी आणलेली वडिलोपार्जित मारवाडी कळशी टेंभुर्णीच्याच पुंजारामाची निघाली, तेव्हा अमीनसाहेबांनी यादी गुंडाळली आणि आणखी एक चहा मागितला. त्यांनी वर काय कळवलं ते कळलं नाही, पण मंडळ बंद पडलं नाही.

गर्दी ओसरल्यावर कारभारी माझ्यापाशी आले. सात महिन्यांनी माझ्याशी बोलले. “आमचा वळू तरी खरा होता,” म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि घरी जेवायला नेलं.

आई मात्र घराबाहेर पडेना. विहिरीवर जायची बंद झाली, देवळात जायची बंद झाली. अकरा घरांची भांडी निघाली, तुला एकटीला कोण बोलणार, असं मी तिला परोपरीने सांगितलं. ती म्हणायची, त्यांची भांडी गेल्ती, कुणाचं माहेर न्हवतं गेलं.

पंधरा दिवसांनी हसनाबादची गाडी आली. वहिनींचा पिकल्या केसांचा भाऊ हाकत होता. माहेरवाशीण परतली की आणलेली शिदोरी गल्लीत घरोघर वाटते, नव्या सासुरवाशिणींचा तो मान. वहिनी चव्वेचाळीस वर्षांच्या, अंगावर कोरी चोळी, डोक्यावर टोपली, एकेका दारात थांबत चालल्या होत्या. मी ओट्यावरून बघत होतो. शेजारचं घर झालं आणि त्या आमच्या दाराकडे वळल्या. आई आत पळायला निघाली, पण गुडघ्यांनी तिला उठू दिलं नाही.

वहिनी थेट आत आल्या आणि तिच्यापुढे खाली बसल्या. टोपलीतून फडकं काढून तिच्या हातावर एक दशमी ठेवली.

“आईनं केल्यात, काकू,” त्या म्हणाल्या. “तिला आता दिसत न्हाई. माझा हात पाहिला चाचपून, मंग पीठ मागितलं. म्हनली मीच करणार. जरा जाड झाल्यात.”

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. दशमी मोडली आणि घास तोंडात घातला. वहिनी समोर बसून होत्या. ती संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

“अजून एक देऊ?” त्यांनी विचारलं.

आईने हात पुढे केला.